नक्कल, अनुवाद आणि बंदर : खिदिरपूरच्या संदर्भात बौद्धिक संपदेच्या शासकीय संरक्षणाचा इतिहास

१. विषयाची मांडणी

मराठी समीक्षेत ‘वाङ्मयचौर्य’ ही संज्ञा बहुधा नैतिक अर्थाने वापरली जाते. एखाद्या लेखकाने दुसऱ्याची कल्पना, रचना किंवा शब्दकळा ऋणनिर्देश न करता घेतली की या संज्ञेचा उच्चार होतो आणि चर्चा लेखकाच्या प्रामाणिकपणापाशी येऊन थांबते. संस्कृत काव्यशास्त्राने हा प्रश्न अधिक सूक्ष्मपणे हाताळला होता. इ. स. ९००च्या सुमारास राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त शब्दहरण आणि अर्थहरण यांचे विस्तृत वर्गीकरण केले. कोणते हरण निंद्य, कोणते क्षम्य आणि कोणते खुद्द प्रतिभेचे लक्षण, याचा विचार त्याने केला. ज्याच्या पणज्याचा, अकालजलदाचा, उल्लेख महाराष्ट्राचे भूषण म्हणून केला जातो अशा या आचार्याने चौर्याच्या संदर्भात कवी आणि वणिक यांना एकाच पंक्तीत बसवले आहे, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय ठरते.

आधुनिक राज्यसंस्थेनेही कवी आणि वणिक यांना एकाच पंक्तीत बसवले, परंतु वेगळ्या कारणासाठी. ग्रंथाची अनधिकृत प्रत आणि खोट्या चिन्हाचा माल या दोहोंना ‘बौद्धिक संपदेचे उल्लंघन’ या एका शीर्षकाखाली आणून त्यांच्याविरुद्ध एकच यंत्रणा उभी करण्याकडे गेल्या दीडशे वर्षांतील शासनव्यवहाराचा कल राहिला आहे. या यंत्रणेचे पहिले नाके बंदरात होते. ग्रंथ, ध्वनिमुद्रिका, कापडाचे तागे आणि सुगंधी द्रव्ये एकाच धक्क्यावर उतरत आणि एकाच सीमाशुल्क अधिकाऱ्याच्या नजरेखालून जात. म्हणूनच नक्कल आणि अनुवाद यांतील सीमारेषा कशी ठरत गेली हे समजून घेण्यासाठी काव्यशास्त्राच्या जोडीने बंदराचा इतिहासही वाचावा लागतो. कोलकात्यातील खिदिरपूर हे अशा वाचनासाठी विशेष उपयुक्त स्थळ आहे.

२. गोदी आणि कवींची वस्ती

हुगळी नदीच्या पूर्व काठावरील खिदिरपूर हे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जहाजबांधणी आणि नौकानयन यांच्याशी निगडित राहिले. येथे कीड घराण्याचा जहाजबांधणीचा उद्योग होता. १८७० मध्ये कलकत्ता बंदराचा कारभार पाहण्यासाठी पोर्ट कमिशनर्सची स्थापना झाली आणि १८९०च्या दशकाच्या प्रारंभी खिदिरपूरची गोदी जहाजांसाठी खुली झाली. त्यानंतर खलाशी, हमाल, दलाल आणि किरकोळ विक्रेते यांची दाट वस्ती या भागात वाढली. शेजारच्या मटियाबुर्ज येथे १८५६ नंतर अवधचा पदच्युत नवाब वाजिद अली शाह याचा दरबार वसला होता. त्यामुळे या परिसराची भाषिक जडणघडण बंगाली, उर्दू, हिंदी आणि इंग्रजी अशी संमिश्र राहिली.

याच खिदिरपूरला बंगाली साहित्याच्या इतिहासातही मानाचे स्थान आहे. येथील भूकैलासचे जमीनदार जयनारायण घोषाल यांनी ‘काशीखंडा’चे बंगाली रूपांतर केले. मायकेल मधुसूदन दत्त यांचे वडील राजनारायण हे सदर दिवाणी अदालतीतील वकील होते व त्यांचे घर खिदिरपूरला होते. रंगलाल बंद्योपाध्याय आणि हेमचंद्र बंद्योपाध्याय यांचेही वास्तव्य येथेच होते. या कवींच्या कृतींकडे उगमस्थानांच्या दृष्टीने पाहिले, तर एक समान सूत्र दिसते. रंगलाल यांच्या ‘पद्मिनी उपाख्यान’ (१८५८) या काव्याचे कथानक टॉडच्या राजस्थानविषयक ग्रंथातून आले. मधुसूदनांच्या ‘वीरांगना’ काव्याची (१८६२) घडण ओव्हिडच्या पत्रकाव्यावर झाली, तर त्यांचे ‘हेक्टरवध’ (१८७१) ‘इलियड’च्या आधारे रचले गेले. हेमचंद्रांनी शेक्सपिअरचे ‘टेम्पेस्ट’ ‘नलिनी-वसंत’ या नावाने बंगालीत आणले आणि ‘छायामयी’त दान्तेची छाया स्वीकारली. परकीय माल उतरवून घेणाऱ्या या वस्तीत परकीय काव्यही उतरवून घेतले जात होते आणि त्यातून एका नव्या भाषिक संवेदनेची उभारणी होत होती.

मराठीतील समकालीन चित्र याहून फारसे वेगळे नव्हते. महाजनींचे ‘तारा’ (१८७९), आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३) आणि देवलांचे ‘झुंझारराव’ (१८९०) ही शेक्सपिअरची रूपांतरे आहेत. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ (१८८५) रेनॉल्ड्सच्या कादंबरीच्या प्रभावातून लिहिली गेली. ही सारी देवाणघेवाण त्या काळी कायद्याच्या चौकटीत कशी बसली, हा प्रश्न मात्र वाङ्मयेतिहासकारांनी क्वचितच विचारला आहे.

३. वसाहतकालीन कायद्यांची तीन अंगे

भारतातील प्रताधिकाराचा पहिला कायदा म्हणजे १८४७चा विसावा अधिनियम. इंग्लंडमधील १८४२चा कायदा कंपनी सरकारच्या प्रदेशात लागू होतो की नाही याविषयी संदिग्धता होती. ती दूर करण्यासाठी हा अधिनियम संमत झाला. त्यानुसार लेखकाच्या आयुष्यभर व मृत्यूनंतर सात वर्षे, किंवा प्रकाशनापासून बेचाळीस वर्षे, यांपैकी जो काळ अधिक असेल तेवढा काळ हक्क टिकत असे. एकोणिसाव्या शतकातील मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर अमक्या सालच्या अमक्या ‘आक्टा’प्रमाणे पुस्तक नोंदून सर्व हक्क स्वाधीन ठेवल्याची जी सूचना आढळते, तिचा उगम या आणि यानंतरच्या कायद्यात आहे.

दुसरे अंग १८६७च्या पंचविसाव्या अधिनियमाचे, म्हणजे मुद्रणालये व पुस्तके यांच्या नोंदणीच्या कायद्याचे. १८५७च्या उठावानंतर देशी भाषांतील मुद्रणावर लक्ष ठेवण्याची गरज राज्यकर्त्यांना भासू लागली होती. या कायद्याने प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारात जमा करणे बंधनकारक झाले आणि प्रांतवार त्रैमासिक याद्या प्रसिद्ध होऊ लागल्या. त्या नोंदीत प्रताधिकाराच्या मालकाचे नाव व पत्ताही मागितला जाई. ज्या नोंदवहीत राज्यसंस्था लेखकावर नजर ठेवत होती, त्याच नोंदवहीत तिने लेखकाची मालकीही मान्य केली. पाळत आणि संरक्षण ही एकाच शासकीय कृतीची दोन रूपे होती, हे भारतीय प्रताधिकाराच्या इतिहासाचे एक मूलभूत वैशिष्ट्य आहे.

तिसरे अंग थेट बंदराशी संबंधित होते. १८७८च्या सागरी सीमाशुल्क अधिनियमाच्या अठराव्या कलमात आयातीस मनाई असलेल्या वस्तूंची सूची होती. प्रताधिकाराचा भंग करून छापलेली पुस्तके तिच्यात होती. मात्र त्यासाठी हक्कधारकाने सीमाशुल्क खात्याला आपल्या हक्काची व तो कधी संपणार याची लेखी सूचना दिलेली असणे आवश्यक होते. याच सूचीत खोटी नाणी आणि अश्लील चित्रे यांचाही समावेश होता. १८८९च्या चौथ्या अधिनियमाने, म्हणजे व्यापारी मालावरील चिन्हांच्या कायद्याने, तीत खोट्या व्यापारचिन्हाच्या मालाची भर पडली. हा अधिनियम इंग्लंडमधील १८८७च्या कायद्याच्या धर्तीवर झाला होता. आयात कापडाच्या ताग्यांवर खरी लांबी छापण्याची सक्ती हा त्याचा एक महत्त्वाचा भाग होता.

या सूचीची रचना अर्थपूर्ण आहे. खोटे नाणे राज्याला फसवते, खोट्या चिन्हाचा तागा ग्राहकाला फसवतो, पण अनधिकृत छापलेले पुस्तक वाचकाला फसवतेच असे नाही. त्यातील मजकूर तोच असतो, वाचकाला मिळणारे ज्ञानही तेच असते. हानी होते ती लेखकाच्या किंवा प्रकाशकाच्या मिळकतीची. तीन भिन्न प्रकारच्या हानी एका कलमात एकत्र आल्या आणि त्यांच्यातील फरक पुढे पुसट होत गेला.

४. अनुवाद हे चौर्य आहे काय?

बंदरावर अडवता येते ती वस्तू. भाषांतर मात्र बंदरावर अडवता येत नाही, कारण ते देशात, देशी लेखणीने घडते. म्हणून त्याचा निर्णय न्यायालयांना करावा लागला, आणि या निर्णयांत मुंबई व कलकत्ता ही दोन्ही उच्च न्यायालये अग्रभागी होती.

१८९० मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयासमोर मॅकमिलन विरुद्ध सुरेशचंद्र देव हा खटला आला. पालग्रेव्हने संपादित केलेल्या ‘गोल्डन ट्रेझरी’ या काव्यसंग्रहातील कवितांची निवड विद्यार्थ्यांसाठीच्या एका स्थानिक आवृत्तीत टिपांसह छापली गेली होती. संग्रहातील बहुतेक कविता स्वतंत्रपणे कोणालाही छापता आल्या असत्या. न्यायालयाने मात्र निवड व मांडणी हेही बौद्धिक श्रम मानले आणि संपादकाचा हक्क मान्य केला. संकलनाला साहित्यकृतीचा दर्जा देणारा हा निर्णय विद्यापीठीय पाठ्यपुस्तकांच्या बाजारपेठेतून जन्मला होता.

मुंबई उच्च न्यायालयाने १८९५ मध्ये मॅकमिलन विरुद्ध शम्सुल उलमा झका या खटल्यात वेगळ्या प्रश्नाचा निकाल दिला. गणितविषयक इंग्रजी पाठ्यपुस्तकांची उर्दू भाषांतरे झाली होती, आणि ती १८४७च्या कायद्याखाली हक्कभंग ठरतात काय हे ठरवायचे होते. न्यायालयाने ती हक्कभंग नसल्याचे मानले. एका भाषेतील ग्रंथ दुसऱ्या भाषेत आणणे म्हणजे त्याची प्रत काढणे नव्हे, हा या निकालाचा अर्थ होता. एकोणिसाव्या शतकातील मराठी, बंगाली, उर्दू व गुजराती गद्याच्या घडणीसाठी जी मोकळीक व्यवहारात आधीपासून होती, तिला या निर्णयाने कायद्याची मान्यता दिली. आपट्यांनी रेनॉल्ड्सकडून जे घेतले ते आजच्या कायद्यासमोर कसे ठरले असते हा प्रश्न निरर्थक नाही. परंतु त्यांच्या काळातील कायद्याला त्यात आक्षेपार्ह असे काही दिसले नसते.

१९१४च्या तिसऱ्या अधिनियमाने इंग्लंडचा १९११चा साम्राज्यव्यापी कायदा काही फेरफारांसह भारतात लागू केला. त्यात भाषांतराचा हक्क लेखकाला मिळाला. परंतु ब्रिटिश भारतात प्रथम प्रसिद्ध झालेल्या कृतींबाबत एक महत्त्वाची मर्यादा घालण्यात आली. प्रकाशनापासून दहा वर्षांत लेखकाने त्या भाषेत स्वतः किंवा आपल्या अनुमतीने भाषांतर प्रसिद्ध केले नाही, तर त्या भाषेपुरता त्याचा अनन्य हक्क संपुष्टात येई. भारतीय भाषांतील परस्परदेवाणघेवाणीच्या दृष्टीने ही तरतूद फार मोलाची होती. शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या मामा वरेरकरांच्या भाषांतरांतून मराठी घराघरांत पोहोचल्या त्या काळाची कायदेशीर पार्श्वभूमी ही होती. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासात बंगाली कादंबरीच्या मराठीवरील प्रभावाची चर्चा अभिरुची, राष्ट्रवाद आणि सुधारणावाद यांच्या अंगाने भरपूर झाली आहे. तिला या दहा वर्षांच्या नियमाची जोड देणे आवश्यक आहे.

मुंबईतूनच प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलेला मॅकमिलन विरुद्ध कूपर हा खटला (१९२४) याच प्रवाहातील. नॉर्थने इंग्रजीत आणलेल्या प्लुटार्कच्या सिकंदरचरित्राची शालेय संक्षिप्त आवृत्ती हा त्यातील वादविषय होता. केवळ उतारे गाळून केलेल्या संक्षेपात स्वतंत्र प्रताधिकार निर्माण होत नाही, पण विद्वत्तापूर्ण टिपांत तो असतो, असा निर्वाळा मिळाला. या साऱ्या खटल्यांत एक परदेशी प्रकाशनसंस्था वादी आहे आणि विद्यार्थ्यांची गरज हे वादाचे मूळ आहे, हा योगायोग नाही. भारतातील ‘चौर्या’ची कायदेशीर व्याख्या प्रामुख्याने शिक्षणाच्या बाजारपेठेतून घडत गेली.

५. पारगमनातील ध्वनिफिती

स्वतंत्र भारताचा प्रताधिकार अधिनियम १९५७ मध्ये संमत झाला व २१ जानेवारी १९५८ रोजी अंमलात आला. त्याच्या ५३व्या कलमाने प्रताधिकार निबंधकाला एक विशेष अधिकार दिला. परदेशात तयार झालेल्या हक्कभंगकारक प्रतींच्या आयातीस तो चौकशीअंती मनाई करू शकत असे, आणि अशा प्रती जेथे असण्याची शक्यता असेल त्या जहाजात, गोदीत किंवा जागेत प्रवेश करून त्यांची तपासणी करू शकत असे. जप्त झालेला माल सरकारजमा न होता हक्कधारकाच्या स्वाधीन करावयाचा, अशीही तरतूद होती.

या कलमाची खरी कसोटी कलकत्ता बंदरातच लागली. या शहराचा ध्वनिमुद्रणाशी असलेला संबंध जुना आहे. १९०२ मध्ये गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण येथे झाले, १९०८ मध्ये ध्वनिमुद्रिकांचा कारखाना येथे सुरू झाला आणि १९२८ मध्ये तो दमदमला विस्तारला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ध्वनिफितींचा प्रसार झाला आणि नकलेचे तंत्र एकाएकी स्वस्त झाले. ध्वनिमुद्रिकेची प्रत काढण्यास कारखाना लागे, ध्वनिफितीची प्रत मात्र घरातल्या यंत्रावरही निघू लागली. अशा वेळी सिंगापूरहून काठमांडूकडे निघालेली मुद्रित ध्वनिफितींची एक खेप कलकत्ता बंदरात येऊन नेपाळला रवाना होण्याची वाट पाहत होती. त्यातील बऱ्याच फिती अनधिकृत असल्याचे ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचे म्हणणे होते. कंपनीने निबंधकाकडे ५३व्या कलमाखाली अर्ज केला. तत्काळ कार्यवाही न झाल्याने प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेले. खंडपीठाने असा दृष्टिकोन स्वीकारला की भारतातून केवळ पुढे जाणारा माल हा ‘आयात’ माल नव्हे.

ग्रामोफोन कंपनी विरुद्ध बीरेंद्र बहादुर पांडे या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने २१ फेब्रुवारी १९८४ रोजी हा निर्णय रद्द ठरवला. न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी लिहिलेल्या निकालानुसार ५३व्या कलमातील आयात म्हणजे भारताबाहेरून भारतात आणणे. माल देशातील बाजारात मिसळला पाहिजे अशी अट त्यात नाही. भूवेष्टित राष्ट्रांच्या पारगमनाच्या हक्काचा आणि भारत–नेपाळ कराराचाही न्यायालयाने परामर्श घेतला. साहित्यिक व कलात्मक संपदेच्या रक्षणासाठी पारगमनावर निर्बंध घालण्यास करारातच वाव असल्याचे त्याने दाखवून दिले. त्याचबरोबर निबंधकाचा अधिकार यांत्रिक नसून अर्धन्यायिक आहे, दोन्ही बाजूंचा विचार करूनच तो वापरला पाहिजे, हेही स्पष्ट केले.

या निकालाची पुढील कथा अधिक उद्बोधक आहे. १९९५ पासून अंमलात आलेल्या ट्रिप्स कराराच्या ५१व्या अनुच्छेदाने सीमेवरील कारवाई सदस्य राष्ट्रांवर बंधनकारक केली, पण पारगमनातील मालाबाबत तसे बंधन ठेवले नाही. म्हणजे १९८४चा भारतीय निर्णय आंतरराष्ट्रीय किमान अपेक्षेच्या पुढे गेलेला होता. २००८-०९ मध्ये मात्र भूमिकांची अदलाबदल झाली. भारतातून अन्य देशांकडे निघालेली जेनेरिक औषधे नेदरलँड्समध्ये पारगमनात असताना बौद्धिक संपदेच्या कारणावरून अडवण्यात आली. ११ मे २०१० रोजी भारताने जागतिक व्यापार संघटनेत युरोपीय संघाविरुद्ध तक्रार दाखल केली आणि पारगमनाच्या स्वातंत्र्याचा आग्रह धरला. २०१२च्या दुरुस्तीने प्रताधिकार अधिनियमाचे ५३वे कलम नव्याने लिहिले गेले, तेव्हा पारगमनातील माल त्याच्या कक्षेतून स्पष्ट शब्दांत वगळण्यात आला. औषधांचा प्रश्न पेटंटचा होता आणि ध्वनिफितींचा प्रताधिकाराचा. दोन्ही प्रकरणे समान नाहीत, आणि एकातून दुसरे घडले असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु जो देश आपल्या गोदीत दुसऱ्याकडे जाणारा माल अडवण्याचा अधिकार सांगत होता, त्यानेच पुढे आपला माल दुसऱ्याच्या गोदीत अडू नये म्हणून झगडावे, हा कालक्रम अर्थपूर्ण आहे. संरक्षणाची सीमा कोठे आखावी हे आखणारा कोणत्या काठावर उभा आहे यावर अवलंबून असते.

६. तस्करीच्या बाजारापासून बनावट मालाच्या बाजारापर्यंत

गोदीच्या सान्निध्यामुळे खिदिरपूरला विदेशी वस्तूंचा किरकोळ बाजार वाढला आणि ‘फॅन्सी मार्केट’ हे नाव कलकत्त्यात विदेशी मालाचे पर्यायवाचक बनले. आयात-निर्यातीवरील नियंत्रणाच्या १९४७च्या कायद्यापासून १९९१च्या उदारीकरणापर्यंतच्या परवानापद्धतीत परदेशी घड्याळे, अत्तरे, कापड आणि ध्वनियंत्रे दुर्मीळ होती. जकात चुकवून आलेल्या मालाला त्यामुळेच मागणी होती. मुंबईत हाजी अलीजवळचे हिरापन्ना हे व्यापारसंकुलही विदेशी मालासाठी असेच ओळखले जाई.

येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. परवानायुगातील तस्करीचा माल बेकायदा होता, पण तो अस्सल होता. किंबहुना अस्सलपणा हेच त्याचे मूल्य होते. शासनाचा आक्षेप चुकवलेल्या जकातीला होता. उदारीकरणानंतर अस्सल विदेशी माल राजरोस मिळू लागला आणि तस्करीतील नफा आटला. मग विकण्याजोगे उरले ते नाव. ज्या बाजाराच्या प्रतिष्ठेचा पाया अस्सलपणा होता, तोच बाजार आता बनावटपणाच्या आरोपाखाली आला. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने १७ फेब्रुवारी २०२२ रोजी प्रसिद्ध केलेल्या २०२१ सालच्या ‘कुप्रसिद्ध बाजारपेठां’च्या यादीत मुंबईचे हिरापन्ना, कोलकात्याचे खिदिरपूर आणि दिल्लीतील पालिका बाजार व टँक रोड या बाजारांचा समावेश होता. खिदिरपूरविषयीची तक्रार बनावट कपडे व सौंदर्यप्रसाधने यांची होती. अशा प्रसाधनांमुळे त्वचेला व डोळ्यांना होणाऱ्या अपायांकडेही तीत लक्ष वेधलेले होते. ही यादी हक्कधारकांनी दिलेल्या माहितीवर आधारलेली असते व ती कायदेशीर निष्कर्ष नोंदवत नाही, असे ते कार्यालय स्वतःच नमूद करते. तरीही एका परकीय शासनाच्या कागदावर मधुसूदन-हेमचंद्रांच्या वस्तीचे नाव केवळ नकलेचे ठिकाण म्हणून उमटावे, यातून ‘नक्कल’ या संकल्पनेचा शंभर वर्षांतील अर्थसंकोच सूचित होतो.

भारत शासनाची या क्षेत्रातील मुख्य साधने तीन आहेत. २००३ मध्ये अंमलात आलेल्या १९९९च्या व्यापारचिन्ह अधिनियमाने खोट्या चिन्हाचा वापर व अशा मालाची विक्री यांना कारावास ठरवला. मात्र पोलिसांना झडती व जप्तीपूर्वी व्यापारचिन्ह निबंधकाचे मत घ्यावे लागते. ८ मे २००७च्या अधिसूचनेने बौद्धिक संपदेच्या आयात मालाविषयीचे नियम लागू झाले. हक्कधारकाने सीमाशुल्क आयुक्तांकडे आपली सूचना नोंदवावयाची, बंधपत्र द्यावयाचे आणि संशयित माल अडवल्यावर दहा कामकाजी दिवसांत कार्यवाहीत सहभागी व्हावयाचे, अशी त्यांची रचना आहे. प्रवाशाच्या सामानातील खासगी वापराच्या वस्तू त्यांतून वगळल्या आहेत, आणि २०१८ मध्ये पेटंटही या नियमांच्या कक्षेबाहेर काढण्यात आले. तिसरे साधन धोरणाचे. मे २०१६ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय बौद्धिक संपदा धोरणाने लोकजागृती, पोलीस व न्यायाधीशांचे प्रशिक्षण आणि विविध खात्यांतील समन्वय यांवर भर दिला. त्याच वर्षी प्रताधिकाराचे काम मनुष्यबळ विकास मंत्रालयाकडून उद्योगविषयक विभागाकडे गेले. लेखकाचा हक्क हा शिक्षण व संस्कृती यांचा विषय न राहता व्यापाराचा विषय बनल्याची ही प्रशासकीय खूण होय.

७. शिक्षेची तीव्रता आणि मुदतीचा विस्तार

१९८४ मध्येच संमत झालेल्या दुरुस्तीने प्रताधिकारभंगाची शिक्षा वाढवून किमान सहा महिने ते कमाल तीन वर्षे कारावास व पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी केली. उपनिरीक्षक दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला वॉरंटाशिवाय जप्तीचा अधिकारही मिळाला. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले. महाराष्ट्र याबाबतीत आणखी पुढे गेला. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, अमली पदार्थांचे गुन्हेगार व धोकादायक व्यक्ती यांच्याविरुद्धच्या १९८१च्या प्रतिबंधक कायद्यात २००९ मध्ये चित्रफितींची चोरटी नक्कल करणाऱ्यांचा समावेश झाला. खटल्याविना एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करण्याची तरतूद त्यांना लागू झाली. १८४७चा कायदा ज्ञानाला उत्तेजन देण्याच्या भाषेत बोलत होता. २००९ची दुरुस्ती सार्वजनिक सुव्यवस्थेच्या भाषेत बोलते. मधल्या काळात प्रताधिकारभंग हा दोन नागरिकांमधील वाद राहिला नाही, तो राज्याविरुद्धचा अपराध बनला.

कठोरतेच्या समर्थकांची बाजू दुर्लक्षणीय नाही. मराठी चित्रपटाचा निर्माता मर्यादित भांडवलावर उभा असतो, आणि पहिल्याच आठवड्यात बाजारात आलेली चोरटी प्रत त्याचे सारे गणित विस्कटू शकते. प्रश्न आहे तो शिक्षेचा भार कोणावर पडतो हा. पदपथावर किंवा गल्लीतील गाळ्यात दहा-वीस प्रती विकणारा छाप्यात सापडतो. नक्कल घडवणारी यंत्रणा बहुधा दुसऱ्या शहरात, कधी दुसऱ्या देशात असते. आंतरजालाच्या प्रसारानंतर तर नकलेला धक्काही लागत नाही आणि गाळाही लागत नाही. त्यामुळे बंदरासाठी घडवलेली यंत्रणा तिच्यापुढे तोकडी पडते.

शिक्षेबरोबर हक्काची मुदतही वाढत गेली. रवींद्रनाथांच्या निधनाला १९९१ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्यांचे साहित्य १ जानेवारी १९९२ रोजी मुक्त होणार होते. डिसेंबर १९९१ मधील अध्यादेशाने व १९९२च्या अधिनियमाने मुदत साठ वर्षे झाली आणि ही मुक्ती दहा वर्षे लांबली. बंगालमधील एका कवीच्या निमित्ताने झालेला हा बदल सर्व भारतीय लेखकांना लागू झाला. १९५० मध्ये दिवंगत झालेल्या साने गुरुजींचे साहित्य त्यामुळे २००१ ऐवजी २०११च्या प्रारंभी मुक्त झाले. ग्रंथांच्या समांतर आयातीला वाट मोकळी करणारी तरतूद २०१०च्या दुरुस्ती विधेयकात होती, परंतु प्रकाशकांच्या विरोधानंतर ती २०१२च्या अधिनियमात आली नाही. उलट दिशेचा प्रवाहही आहे. अध्यापनासाठी पुस्तकांतील उताऱ्यांची छायाप्रत काढणे हक्कभंग नसल्याचा दृष्टिकोन दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्वीकारला. शिक्षणाच्या बाजारपेठेतून सुरू झालेला वाद सव्वाशे वर्षांनी पुन्हा शिक्षणापाशीच आला.

८. समारोप

खिदिरपूरच्या निमित्ताने केलेल्या या विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की ‘चौर्य’ ही स्थिर संकल्पना नाही. १८९५ मध्ये निर्दोष असलेले भाषांतर १९१४ नंतर दहा वर्षांपुरते सदोष ठरले, आणि १९५७च्या कायद्यानंतर त्यासाठी हक्कधारकाची किंवा प्रताधिकार मंडळाची अनुमती लागू लागली. एखाद्या कालखंडातील अनुवादांची विपुलता किंवा दुर्भिक्ष यांचा अर्थ लावताना त्या काळचा कायदा समोर ठेवला नाही, तर अभिरुचीला नको इतके श्रेय किंवा दोष दिला जातो.

दुसरा निष्कर्ष असा की बनावट माल आणि अनधिकृत प्रत यांना एकाच तराजूत तोलणे इतिहासाच्या दृष्टीने अपघाती आणि विचाराच्या दृष्टीने सदोष आहे. डोळ्याला इजा करणारे खोटे काजळ आणि विद्यार्थ्याच्या हातातील अनधिकृत पाठ्यपुस्तक यांच्या हानीचे स्वरूप भिन्न आहे. पहिल्यात ग्राहक फसतो. दुसऱ्यात ग्राहकाला आपण काय घेतो आहोत हे पुरते ठाऊक असते आणि तोटा होतो तो लेखक व प्रकाशक यांचा. तो तोटा खरा आहे, आणि भरून निघायला हवा. परंतु त्याचा उपाय पहिल्याच्या उपायासारखा असण्याचे कारण नाही. स्वस्त आवृत्ती, सुलभ अनुवादपरवाना आणि सार्वजनिक ग्रंथालय ही साधने छाप्याइतकीच शासकीय आहेत, आणि ग्रंथांच्या बाबतीत ती अधिक टिकाऊ ठरण्याचा संभव आहे.

तिसरा निष्कर्ष तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासाशी निगडित आहे. प्रभाव, स्वीकार आणि रूपांतर या संज्ञांनी ज्या प्रक्रियेचे वर्णन केले जाते, तिला कायदा, जकात आणि बाजार यांची चौकट असते. मधुसूदनांनी ओव्हिडकडून आणि हेमचंद्रांनी दान्तेकडून जे घेतले, ते घेण्याची मोकळीक त्यांना होती, कारण ते कवी दीर्घकाळ सर्वांचे झाले होते. समकालीन साहित्यातून असे घेणे दर पिढीला अधिक कठीण होत गेले आहे. राजशेखराने हरणाचे प्रकार सांगताना ग्राह्य आणि त्याज्य यांत भेद केला, सर्वच हरण निषिद्ध मानले नाही. बौद्धिक संपदेच्या रक्षणाची शासकीय यंत्रणा दीडशे वर्षांत अधिक समर्थ झाली असली, तरी तिच्या व्यवहारात हा भेद करण्याची क्षमता त्या प्रमाणात वाढलेली नाही. ती वाढवण्यासाठी लागणारे ज्ञान विधिज्ञांइतकेच साहित्याच्या अभ्यासकांपाशी आहे, आणि १९५७च्या अधिनियमाच्या पुढील दुरुस्तीच्या वेळी ते उपयोगात आणण्याची जबाबदारी त्यांच्याकडे येते.